रिद्धपूरचे राऊळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या महाराष्ट्रीय सत्पुरुषाचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम ही नावे सहजच ओठांवर आली. परंतु या थोर विभूतींची चरित्रे आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्या पुण्यतिथीला व्याख्यानेही होत असतात. म्हणून आम्ही त्यांच्याही थोडे मागे जाऊन, ज्ञानेश्वरी सिद्ध होण्यापूर्वी काही वर्षे ज्यांनी देह ठेवला, त्या श्रीगोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राऊळ यांचे चरित्र निवडले आहे. महानुभाव पंथ ज्या पाच अवतारांना पंचकृष्ण म्हणून वंदन करतो, त्यांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय, फलटणचे चांगदेव राऊळ आणि चक्रधरस्वामी यांच्या बरोबरीने गोविंदप्रभूंची गणना होते. आम्ही त्या पंथाचे अनुयायी नाही. तरीही हे चरित्र आम्हांस मोलाचे वाटते, याचे कारण असे की, ज्याला गाव वेडा म्हणत होते त्याच पुरुषाला परमेश्वर मानण्याचे धैर्य तेराव्या शतकातील काही मराठी माणसांनी दाखविले, आणि ते वेड न लपविता जसेच्या तसे लिहून ठेवले.

विदर्भात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच असलेल्या काटसुरे या गावी काण्वशाखीय ब्राह्मण कुटुंबात गोविंदप्रभूंचा जन्म झाला. पित्याचे नाव अनंतनायक, मातेचे नेमाइसा. मातापित्यांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मातुल पक्षाच्या आप्तांनी या पोरक्या मुलास रिद्धपूरला आणून वाढविले. तेथेच मुंज झाली, तेथेच उपाध्यायांच्या घरी वेदपठणास प्रारंभ झाला. मुलगा बुद्धिमान होता, असे चरित्रकार आवर्जून सांगतात. पुढे मात्र त्याने संसार केला नाही, भिक्षुकी केली नाही, ग्रंथ रचला नाही, की प्रवचन केले नाही. उभे आयुष्य त्याने रिद्धपूर आणि भोवतालच्या परिसरात काढले, आणि तेही अशा रीतीने की पाहणाराने त्यास वेड्यावाचून दुसरे काही म्हणू नये.

मनात येईल त्या घरात शिरावे. चुलीवरचे किंवा शिंक्यावरचे अन्न हाताने काढून खावे. देवळात जाऊन देवापुढचा नैवेद्य उचलावा. मूर्तींशी एखाद्या सवंगड्याप्रमाणे खेळावे. पोरांमध्ये पोर होऊन रमावे. कधी एकाएकी हसावे, कधी भडकून शिव्याशाप द्यावेत. बोलणेही असेच. एक गोष्ट करावी असे म्हणावे आणि लगेच त्याच दमात ती करू नये असेही म्हणावे. एखादा शब्द पुन्हा पुन्हा घोळवावा. मर मेल्या अशा अर्थाचे शब्द तर त्यांच्या तोंडी इतके येत की, ते रागाचे की लाडाचे हे ऐकणाराने प्रसंग पाहूनच ठरवावे. महार-मांगांच्या वस्तीत ते जात, त्यांच्या घरी वावरत आणि तेथून उठून सरळ ब्राह्मणांच्या घरात येत. शिवाशिवीच्या त्या काळात गावच्या प्रतिष्ठितांना हे किती जाचले असेल, याची कल्पना करता येते. तशा तक्रारीही चरित्रात नोंदल्या आहेत. पाण्यावाचून हाल होणाऱ्या मातंगांना त्यांनी विहिरीची जागा दाखविली, अशीही एक लीळा आहे.

गावाने त्यांना हाकलून मात्र दिले नाही. काहींनी दारे लावून घेतली असतील, काहींनी चेष्टा केली असेल. पण पुष्कळांनी त्यांच्यासाठी पान वाढले, आणि हळूहळू संकटसमयी लोक त्यांच्याकडेच येऊ लागले. राऊळ माय आणि राऊळ बाप अशी दोन्ही नावे गावाने या एकाच माणसाला दिली. ज्याला स्वतःच्या खाण्यापिण्याची शुद्ध नाही त्याला गावाने आई म्हणावे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. आपल्या भाषेत वेडा, पिसा, खुळा हे शब्द हेटाळणीचे आहेत तसेच कौतुकाचेही आहेत. आई लेकराला वेडा म्हणते, भक्त स्वतःला देवाचे वेड लागले असे म्हणवून घेतो, आणि शेजारच्या घरातील आजारी माणसाचा उल्लेख होतो तेव्हा हाच शब्द आवाज खाली आणून उच्चारला जातो. जुन्या संस्कृत ग्रंथांतही सिद्ध पुरुष बालकासारखा, उन्मत्तासारखा किंवा पिशाचासारखा वागतो, असे वर्णन आढळते. पाशुपत पंथाच्या साधकांना तर लोकांनी आपला तिरस्कार करावा म्हणून बुद्धिपुरस्सर वेड्यासारखे वागण्याचा विधी सांगितलेला होता. ख्रिस्ती परंपरेत सहाव्या शतकातील एमेसाचा सिमिऑन हा असाच ख्रिस्तासाठी वेडा झालेला संत. मॉस्कोचे सुप्रसिद्ध रंगीबेरंगी घुमटांचे चर्च ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो सोळाव्या शतकातील वासिली हाही त्याच पंक्तीतला. मुसलमान समाजात अशा पुरुषास मजझूब म्हणतात.

तथापि पाशुपत साधकाचे किंवा सिमिऑनचे वेड हे, आपल्या म्हणीप्रमाणे, वेड पांघरून पेडगावला जाण्यासारखे आहे. आत शहाणपण शाबूत, वर वेडाचे पांघरूण. गोविंदप्रभूंच्या चरित्रात असे पांघरूण बाजूला सारून आतला शहाणा दाखविण्याचा उद्योग फारसा नाही. एकान्तात ते शिष्यांशी गंभीर तत्त्वचर्चा करीत असत, असे सांगून चरित्रकाराला सहज सुटका करून घेता आली असती. त्याने ती करून घेतली नाही. लोकांसमोर जे होते तेच एकान्तातही होते. महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व नित्य मानते, आणि परमेश्वर जीवांच्या उद्धारासाठी मनुष्यदेह धारण करतो असे सांगते. मग तो देह कसा असावा, वागणे कसे असावे, यावर आपण अटी घालणारे कोण? परमेश्वर राजपुत्र होऊ शकतो, गुराखी होऊ शकतो, तर ज्याच्या बोलण्याचा मेळ लागत नाही असा माणूसही होऊ शकतो. अनुयायांना मात्र त्याचे अनुकरण करण्याची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी अहिंसा, भिक्षा आणि वैराग्य यांचे कडक नियम होते. वेड हे साधन म्हणून कोणी शिकविले नाही.

अमेरिकेत नॅन्सी आइसलँड या स्वतः अपंगत्व भोगलेल्या विदुषीने १९९४ मध्ये द डिसेबल्ड गॉड हे पुस्तक लिहिले. पुनरुत्थानानंतरही ज्याच्या हातापायांवर जखमा राहिल्या, तो ख्रिस्त म्हणजे अपंग देव होय, असा तिचा सिद्धान्त आहे. आणि त्याने ख्रिस्ती धर्मचिंतनात मोठी चर्चा घडवून आणली. अपंग माणसाकडे पाप, शिक्षा किंवा कीव या दृष्टीने पाहण्याऐवजी देवाच्या रूपातच त्याला जागा आहे काय, हा तिचा प्रश्न होता. शरीराच्या बाबतीत तिने जे विचारले, ते मनाच्या बाबतीत सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील काही माणसांनी, असा प्रश्न न मांडताच, मान्य करून टाकले होते.

गोविंदप्रभूंच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची घटना एका रस्त्यावर घडली. गुजरातेत भडोचच्या राजाचा प्रधान विशाळदेव याचा पुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेस म्हणून घराबाहेर पडला होता. द्यूताचा नाद, हरलेले द्रव्य आणि संसाराविषयी आलेली विरक्ती अशी त्याच्या मनाची अवस्था होती. वाटेत रिद्धपूर लागले. तेथे खात खात चाललेल्या एका वेड्याच्या हातून त्याला प्रसाद मिळाला, आणि त्या क्षणी त्याच्या ठायी ज्ञानशक्ती प्रकट झाली, असे पंथ मानतो. हाच हरिपाळदेव पुढे चक्रधर झाला. ज्याच्या वाणीने महाराष्ट्रात एक नवा पंथ उभा केला, ज्याच्या एकेका वचनावर पंडितांनी भाष्ये लिहिली, त्याचा गुरू धड दोन वाक्ये सुसंगत न बोलणारा पुरुष होता. स्वतः गुजराती असलेल्या चक्रधरांनी मराठीतून निरूपण केले. आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांना हाही योग लक्षात ठेवावासा वाटेल.

इ. स. १२७४ मध्ये चक्रधरांनी महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे प्रयाण केले. जाताना शिष्यांना त्यांनी श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहण्यास सांगितले होते. गुरूच्या वियोगाने सैरभैर झालेला नागदेव, म्हणजे पंथाचे पहिले आचार्य भटोबास, महदाइसा, म्हाइंभट आणि इतर मंडळी रिद्धपुरास आली. येथून चरित्राचा जो भाग सुरू होतो, तो आम्हांस सर्वांत हृद्य वाटतो. आतापर्यंत गावात एकटे फिरणारे राऊळ आता वृद्ध झाले होते, आणि त्यांच्याभोवती सेवेकरी जमले. त्यांना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, वस्त्रे नेसविणे, निजविणे, रुसले तर समजूत घालणे, निघून गेले तर शोधून आणणे, हे सर्व या विद्वान स्त्रीपुरुषांनी वर्षानुवर्षे केले. म्हाइंभट हा मोठा पंडित. वादात प्रतिपक्षाला नमविण्याची त्याला हौस. तो येथे एका वृद्धाने आज काय खाल्ले आणि काय टाकले याकडे डोळे लावून बसला. घरातल्या वृद्धाची स्मृती गेल्यावर किंवा मुलाचे मन उमलल्याविना राहिल्यावर ज्यांनी अशी सेवा केली आहे, त्यांना या लीळा वाचताना निराळीच ओळख पटेल. त्या सेवेत कंटाळा येतो, हसू येते, धांदल उडते, आणि कधी आपणच मूर्ख ठरतो. चरित्रात हे सर्व आहे.

अशाच एका लहरीतून मराठी साहित्याला एक अनमोल ठेवा लाभला. श्रीप्रभूंना आपले लग्न व्हावे असे वाटू लागले. वृद्धापकाळी, कधीही संसार न केलेल्या या पुरुषाने लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा भक्तांनी तो मोडून न काढता विवाहाचा सोहळाच मांडला. लग्न म्हटले की गाणी आलीच. ती गाण्यासाठी महदाइसा पुढे झाली आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचून गाइले. महदाइसा ही भटोबासांची चुलत बहीण, बालविधवा आणि अतिशय जिज्ञासू; चक्रधरांना तिने विचारलेले प्रश्न लीळाचरित्रात ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. तिचे धवळे आज मराठीतील स्त्रीरचित काव्याचा आरंभ मानले जातात. त्या काळात जिला मंगल कार्यात उभे राहण्याचाही अधिकार नव्हता, तिच्या मुखातून वेड्याच्या लग्नात आद्य मराठी कवयित्रीची वाणी उमटली, याचा उल्लेख आमच्या वाङ्मयेतिहासांत पुष्कळदा एका ओळीत आटोपला जातो. तो एका ओळीचा विषय खचित नव्हे.

परंतु एवढ्यावरून त्या काळाचे गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. राऊळांना पान वाढले गेले याचे एक कारण ते ब्राह्मण कुळातील पुरुष होते, हेही होय. तसे वागणाऱ्या एखाद्या मातंगाच्या किंवा एखाद्या स्त्रीच्या वाट्याला काय आले असते, याची कल्पना फारशी सुखद नाही. शिवाय एका वेड्यात देव पाहणारा समाज दुसऱ्या वेड्यात भूत पाहू शकतो. महानुभावांच्याच काही स्थानांवर, अजिंठ्याच्या डोंगराळ भागातील जाळीचा देव हे त्यांतले प्रसिद्ध, मनाने आजारी झालेली माणसे अंगातले झपाटलेपण जावे म्हणून येत राहिली आहेत. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिला असे आढळले की, आजारी मुलाबरोबर किंवा नवऱ्याबरोबर बहुधा घरातील स्त्री येते, महिनोन्‌महिने तेथे राहते, आणि त्याची पीडा आपल्यावर यावी म्हणून स्वतःच अंगात आणून घेते. रिद्धपूरच्या सेवेकऱ्यांत उत्साह होता आणि संख्याही होती. येथे एकटी आई आहे.

याहून दारुण प्रकार तमिळनाडूतील एरवाडी येथे घडला. तेथील दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तेथे आग लागली आणि साखळ्यांमुळे पळता न आल्याने २८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर न्यायालयांनी लक्ष घातले. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतलेली होतीच. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आणि उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरविला. श्रद्धा आणि औषध यांचे वैर आहे असे आम्ही मानत नाही. देवळात जाणाऱ्याने वैद्याकडेही जावे, आणि वैद्याकडे जाणाऱ्याला कोणी देवळाच्या पायरीवरून परत लावू नये. गोविंदप्रभूंना कोणता आजार होता, असे निदान सातशे वर्षांनंतर पोथीवरून करण्याचा मोह काही अभ्यासूंना होतो. तो खटाटोप आम्हांस व्यर्थ वाटतो. पोथी निदानासाठी लिहिलेली नाही.

आपण परप्रांतात राहणारी माणसे. गावी वाडा होता, काका-काकू होते, समोरच्या ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असे. येथे दोन खोल्यांच्या घरात, नवरा-बायको दोघेही कामावर जात असता, ज्याचे मन थाऱ्यावर नाही अशा भावाला किंवा मुलीला सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. गणेशोत्सवात, कोजागरीला, हळदीकुंकवाला सारे कुटुंब येते, आणि एक जण घरी राहतो. त्याच्याविषयी कोणी विचारत नाही, कारण विचारणे अवघड. आणि कोणी सांगतही नाही. रिद्धपुरात राऊळ भर रस्त्यात होते, हा आम्हांस त्या गावाचा मोठेपणा वाटतो. त्यांना कोणी माजघरात कोंडले नाही.

श्रीप्रभूंनी देह ठेवला तो इ. स. १२८५ ते १२८८ या दरम्यान. निश्चित वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यानंतर म्हाइंभटाने जे केले त्याला आजच्या भाषेत संशोधन म्हणावे लागेल. चक्रधरांच्या लीळा त्याने रिद्धपुरातच वाजेश्वरीच्या स्थानी बसून संकलित केल्या होत्या. त्याच पद्धतीने त्याने गोविंदप्रभूंच्या तीनशेंहून अधिक लीळा, ज्यांनी त्या पाहिल्या त्यांना विचारून एकत्र केल्या. हेच ऋद्धिपुरलीळा किंवा श्रीगोविंदप्रभुचरित्र होय. छोटी छोटी वाक्ये, घरगुती शब्द, आणि अद्भुताचा फापटपसारा नाही. पुढे यादवांच्या पाडावाच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले; ते गूढ उकलून राजवाडे, भावे प्रभृतींनी हे वाङ्मय विसाव्या शतकात मराठी वाचकांसमोर आणले. डॉ. वि. भि. कोलते यांनी म्हाइंभटाच्या या ग्रंथांचे संपादन केले, आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये गोविंदप्रभूंच्या लीळांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

तोपर्यंत ही मराठी कितीतरी दूर जाऊन पोहोचलेली होती. पंजाबात जयकृष्णी या नावाने पंथाचा प्रसार झाला. पेशावर आणि काबूलपर्यंत त्याचे मठ उभे राहिले. ज्यांची मातृभाषा पंजाबी वा हिंदी, अशा महंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जुनी मराठी शिकून या लीळा वाचल्या. १९४७ च्या फाळणीत त्यांतील अनेकांना घरदार सोडून भारतात यावे लागले. रिद्धपुराची यात्रा ते आजही करतात.

रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचा आरंभ झाला, हे वाचकांनी ऐकले असेलच. परंतु यात्रेकरू जातात ते जुन्या स्थानांकडे. स्थानपोथी नावाच्या ग्रंथात अवतारांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या जागा दिशा-अंतरासह नोंदलेल्या आहेत. मूर्ती नाही, जेथे ते बसले, जेथे निजले, जेथे खेळले, तेथे एक ओटा. राजमठ हे त्यांच्या वास्तव्याचे स्थान सर्वांत प्रमुख. ज्या गोष्टींची घरातल्या माणसांना लाज वाटते त्याही पोथीने गाळल्या नाहीत. श्रीप्रभु शौचास जात त्या परिश्रयाच्या जागादेखील तीत आहेत, आणि भाविक तेथेही थांबून हात जोडतात.